मुलांनी खेळ नुसते खेळावेत की घडवावेत?

रविवारची मिस्सा आटोपून मंडळी देवळाबाहेर पडू लागली की आम्हा धर्मगुरूंच्या कानी हमखास एक तक्रार येते. "फादर, तुम्हीच सांगा ह्याला काहीतरी. जेवताना मोबाइल, झोपताना मोबाइल. दहावीचं वर्ष आलं तरी ह्याचा गेम काही सुटत नाही." आईच्या शेजारी पंधरा वर्षांचा मुलगा मान खाली घालून उभा असतो. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून उपदेशाचे चार शब्द सांगतो. तो मान डोलावतो आणि फाटकाबाहेर पडताच त्याचा हात पुन्हा खिशाकडे जातो. अनेक वर्षे आम्ही हेच करीत आलो आहोत आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही, हे प्रांजळपणे कबूल केलेले बरे.

प्रस्तुत लेखात आम्ही एका वेगळ्या वाटेची ओळख करून देणार आहोत. ती वाट मुलाच्या हातून खेळ काढून घेण्याची नसून, तोच खेळ त्याला स्वतः घडवायला लावण्याची आहे. शाळाशाळांतून कुमारवयीन मुलामुलींसाठी कोडिंग आणि खेळरचना ह्यांच्या कार्यशाळा घेतल्या जातात. त्यांत नेमके काय शिकवले जाते, त्यातून मुलांच्या हाती काय लागते आणि श्रद्धावंत पालकांनी व शाळाचालकांनी त्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, ह्याचा येथे विचार करू.

कोडिंग म्हणजे काय?

संगणक हा अत्यंत आज्ञाधारक परंतु स्वतःची समज नसलेला सेवक आहे. त्याला जे सांगावे तेवढेच तो करतो; जे सांगायचे राहून गेले ते तो मनाने भरून काढीत नाही. त्याला समजेल अशा भाषेत, क्रमवार आणि निःसंदिग्ध सूचना लिहिणे म्हणजे कोडिंग होय. अशा सूचनांच्या संचाला मराठीत 'आज्ञावली' हा सुंदर शब्द आहे.

ही विद्या मुलांना शिकवावी हा विचार नवा नाही. अमेरिकेत १९६७ साली सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झिग ह्यांनी 'लोगो' नावाची संगणकभाषा खास मुलांसाठी तयार केली. पडद्यावरच्या एका कासवाला 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' अशा आज्ञा देऊन मुले चौकोन, त्रिकोण, तारे रेखाटीत. पॅपर्ट ह्यांनी विख्यात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे ह्यांच्यासमवेत जिनिव्हा येथे काम केले होते. मूल ऐकून जेवढे शिकते त्याहून अधिक ते काहीतरी घडवताना शिकते, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच परंपरेतून एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्क्रॅच' ही भाषा विकसित केली. २००७ साली ती सर्वांसाठी खुली झाली. तीत इंग्रजी आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. प्रत्येक आज्ञा म्हणजे एक रंगीत ठोकळा असतो आणि ठोकळ्याला ठोकळा जोडून आज्ञावली तयार होते. स्क्रॅच विनामूल्य आहे, ती इंटरनेट नसतानाही चालवता येते आणि मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांचा विचार करून ती रचलेली आहे. म्हणूनच शालेय कार्यशाळांची सुरुवात बहुधा तिच्यापासून होते. नववी-दहावीची मुले पुढे पायथॉनसारख्या प्रौढांच्या भाषेकडे वळू शकतात.

कार्यशाळेतील सहा शनिवार

वसई परिसरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहा शनिवार चाललेली अशी एक कार्यशाळा आम्ही जवळून पाहिली. सातवी ते नववीची मुलेमुली होती. एका संगणकापुढे दोघे बसत. एकाच्या हाती माऊस, दुसऱ्याने विचार करून सांगायचे आणि पंधरा मिनिटांनी जागा बदलायच्या. संगणक कमी म्हणून ही सोय केलेली असेल असे आम्हाला वाटले होते; परंतु जोडीने काम केल्यास मुलांना आपला विचार शब्दांत मांडावाच लागतो, हे त्यामागचे खरे कारण होते.

पहिल्या शनिवारी संगणक सुरूच केले गेले नाहीत. मुलांना चहा करण्याची कृती लिहायला सांगितली. एका मुलाने लिहिले, 'पाणी उकळा, त्यात चहा पावडर टाका.' शिक्षकांनी पावडरीचा अख्खा पुडा, न उघडता, पातेल्यात टाकला. वर्गात हशा पिकला; पण संगणकाशी बोलताना किती नेमके बोलावे लागते हे मुले त्या एका प्रसंगातून शिकली. मग सर्वजण मैदानात गेले आणि लगोरी खेळले. शिक्षकांनी प्रत्येक गटाला एकच नियम बदलण्याची मुभा दिली. कोणी सातऐवजी तीन लगोऱ्या ठेवल्या, कोणी डाव्या हाताने चेंडू टाकण्याचे बंधन घातले. एक नियम बदलला की अख्खा खेळ बदलतो, कधी तो रटाळ होतो, कधी अधिक रंगतो, हे मुलांनी धावता धावता अनुभवले. खेळरचनेचा पहिला पाठ तो हाच.

दुसऱ्या व तिसऱ्या शनिवारी स्क्रॅचची ओळख झाली. चार कल्पना पुरेशा असतात. पहिली क्रम, म्हणजे आधी काय आणि नंतर काय. दुसरी पुनरावृत्ती, म्हणजे तीच कृती दहा वेळा किंवा सतत. तिसरी अट, म्हणजे 'जर मासा पिशवीला लागला, तर गुण कमी कर'. चौथी चल, म्हणजे गुण, वेळ किंवा उरलेले जीव ह्यांसारखी बदलती संख्या साठवण्याची जागा. गणिताच्या तासाला रुक्ष वाटणाऱ्या गोष्टी येथे अचानक उपयोगी पडतात. स्क्रॅचचा पडदा ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच असतो व त्याचा आरंभबिंदू बरोबर मध्यभागी असतो. आपले पात्र डावीकडे न्यायचे तर ऋण संख्या वापरावीच लागते. "उणे संख्या कशाला असतात ते आज कळलं," असे सातवीतला एक मुलगा म्हणाला, तेव्हा गणिताच्या बाईंच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहण्यासारखे होते.

चौथ्या शनिवारपासून प्रत्येक जोडीने स्वतःचा खेळ कागदावर आखला. खेळाचे उद्दिष्ट काय, अडथळे कोणते, नियम कोणते, खेळणाऱ्याला आपण बरोबर चाललो आहोत की चुकतो आहोत हे कसे कळणार, ह्या चार प्रश्नांची उत्तरे लिहिल्याशिवाय संगणकाला हात लावायचा नव्हता.

बावखलाचा खेळ

आठवीतील दोन मुलांनी आपल्या गावातील बावखलावर खेळ केला. वसईबाहेरील वाचकांसाठी सांगायला हवे, की बावखल म्हणजे गावातले गोड्या पाण्याचे डबके. त्याच्या आधारावर आमच्या बागा जगल्या. त्यांच्या खेळात टँकर भरायचा, शहरात नेऊन विकायचा आणि प्रत्येक खेपेला दहा गुण मिळवायचे. शंभर गुण झाले की विजय. चित्रे सुरेख होती, टँकरचा आवाजही जमला होता.

पाचव्या शनिवारी परस्परांचे खेळ तपासण्याचा कार्यक्रम होता. त्याचा नियम कडक असतो. ज्यांनी खेळ बनवला त्यांनी मागे उभे राहायचे आणि गप्प राहायचे; खेळणारा अडखळला तरी मदत करायची नाही, फक्त टिपून ठेवायचे. एक मुलगी तो खेळ खेळली, शंभर गुण मिळवले आणि वळून म्हणाली, "म्हणजे ज्याने सगळं पाणी उपसलं तोच जिंकला?"

दोघे मुलगे निरुत्तर झाले. ज्यांच्या घरच्या विहिरी बेसुमार उपशामुळे मचूळ झाल्या, त्याच घरांतील ती मुले होती. वाईट हेतू त्यांच्या मनात नव्हता. गुण कशाला द्यायचे ह्याचा त्यांनी विचार केला नव्हता, एवढेच.

उरलेल्या वेळात त्यांनी नियम बदलले. 'पाण्याची पातळी' नावाचे नवे चल आले. प्रत्येक टँकरमागे पातळी घटू लागली, पाऊस आला की वाढू लागली. ती एका मर्यादेखाली गेली की पाणी खारट व्हायचे आणि काठावरची केळीची बाग वाळायची. आता बाग हिरवी ठेवून दुसरा पावसाळा गाठणारा जिंकणार होता. मात्र एक विचित्र घोटाळा झाला: पाऊस पडला की बावखल भरण्याऐवजी आटत होते. शिक्षकांना चूक दिसली होती, पण ते बोलले नाहीत. मुलांनी आपली आज्ञावली एकेक ओळ मोठ्याने वाचली, तेव्हा 'पातळी ५ ने वाढव' ह्या ठोकळ्याऐवजी 'पातळी ५ कर' हा ठोकळा लागल्याचे त्यांच्या ध्यानी आले. चूक लपवायची नाही, दुसऱ्यावर ढकलायची नाही, शांतपणे मागे जाऊन ती कोठे झाली ते शोधायचे. कुमारवयात ही सवय लागणे ही लहान गोष्ट नव्हे. पापनिवेदनापूर्वी आपण सदसद्विवेकाची तपासणी करतो, तेव्हाही अशाच संथ आणि प्रामाणिक वाचनाची गरज असते.

ह्या प्रसंगातून आम्हाला जे उमगले ते हे. प्रत्येक खेळ कशाला तरी बक्षीस देतो आणि कशाला तरी शिक्षा करतो. म्हणजेच प्रत्येक खेळाच्या पोटात एक नीतिशास्त्र दडलेले असते. ही जाणीव आपल्या मातीला परकी नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशी परंपरेने जोडल्या गेलेल्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप आहेत. नुसता खेळणारा ते नीतिशास्त्र नकळत स्वीकारतो. घडवणाऱ्याला मात्र ते निवडावे लागते.

गळ ओळखणे

ह्याचा मोबाइलच्या व्यसनाशी थेट संबंध आहे. रोज हजेरी लावल्यास बक्षीस, एक दिवस चुकल्यास साठवलेले सारे गमावण्याची भीती, आत काय आहे ते न सांगता उघडायला लावलेली पेटी, 'आणखी एकदाच' असे वाटावे म्हणून अगदी थोडक्यात हुकवलेला विजय, ह्या गोष्टी योगायोगाने आलेल्या नसतात. खेळणाऱ्याला जास्तीत जास्त वेळ धरून ठेवण्यासाठी त्या विचारपूर्वक रचलेल्या असतात. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असले की माणूस ती कृती अधिक चिवटपणे करीत राहतो, ही गोष्ट मानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

कार्यशाळेत मुले अशी एखादी पेटी स्वतः बनवतात. संगणकाला १ ते १०० मधील एक संख्या निवडायला सांगायचे आणि ती ९५ पेक्षा मोठी आली तरच सोन्याचे नाणे द्यायचे. आज्ञावली जेमतेम चार ठोकळ्यांची! ज्या मुलाने ती स्वतः लिहिली, त्याला मोबाइलमधल्या चमचमत्या पेटीमागे कोणते गणित आहे ते कळते. कोळ्याच्या पोराला गळ दाखवावा लागत नाही. आमचा दहा प्रवचनांचा उपदेश जे साधत नाही ते ह्या चार ठोकळ्यांनी साधू शकते.

अर्थात, कार्यशाळा म्हणजे औषध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' ह्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळालाच प्राधान्य मिळणे आणि हानी दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे असून ती साधारणतः वर्षभर टिकली तर हे निदान केले जाते. अशा मुलाला शिक्षेची नव्हे, तर डॉक्टरांची व समुपदेशकांची गरज असते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, ह्यावरून ह्या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे.

ख्रिस्तसभा आणि संगणक

संगणक आणि देऊळ ह्यांचे जमत नाही असा काहींचा समज असतो. इतिहास वेगळेच सांगतो. इटलीतील येशूसंघीय धर्मगुरू रोबेर्तो बुसा ह्यांनी १९४९ साली आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन ह्यांची भेट घेतली आणि संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या साहित्यातील एक कोटीहून अधिक शब्दांची सूची यंत्राच्या साहाय्याने करण्याचे काम हाती घेतले. तिचे ५६ खंड प्रसिद्ध झाले. अमेरिकेत संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला मेरी केनेथ केलर ह्या एक धर्मभगिनी होत्या. १९६५ साली ही पदवी मिळवून त्यांनी आयोवा राज्यातील क्लार्क महाविद्यालयात संगणकशास्त्राचा विभाग उभा केला. 'कॉम्प्युटर हे मुलींचं काम नाही' असे म्हणणाऱ्या पालकांनी सिस्टर केलर ह्यांचे स्मरण ठेवावे.

आपल्या मुलांच्या पिढीचे संत कार्लो अकुतीस ह्यांना तर ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी संतपद बहाल केले. १९९१ साली जन्मलेला आणि २००६ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने देवाघरी गेलेला हा मुलगा संगणकाची जाडजूड पुस्तके वाचून स्वतःच आज्ञावली लिहायला शिकला. पवित्र मिस्साबलिदानाशी निगडित चमत्कारांची माहिती त्याने इंटरनेटवर संकलित केली. त्यालाही व्हिडिओ गेम आवडत. परंतु आठवड्यातून एक तासच खेळायचे, असे बंधन त्याने स्वतःवर घालून घेतले होते. हे बंधन त्याचे त्याने घातलेले होते, ही गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २००७ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी 'मुले आणि माध्यमे' हाच विषय घेतला होता. हिंसेचा उदोउदो करणाऱ्या व्हिडिओ गेमची त्यांनी कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. त्याचबरोबर माध्यमांची पारख करण्याचे शिक्षण मुलांना देण्यावर भर दिला. पोप फ्रान्सिस ह्यांनी मार्च २०१९ मध्ये व्हॅटिकनमधील एका शैक्षणिक उपक्रमात मुलांच्या संगतीने स्वतः आज्ञावलीची एक ओळ लिहिली होती.

संत जॉन बॉस्को ह्यांचेही उदाहरण येथे लागू पडते. बालपणी ते जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ निरखून शिकले आणि तेच खेळ गावातल्या मुलांना करून दाखवत. मात्र बदल्यात सर्वांनी प्रार्थना म्हणायची. मुलांना जे आवडते त्याचा तिरस्कार न करता त्यातूनच त्यांना चांगल्याकडे नेण्याची ही रीत आजही जुनी झालेली नाही.

पालकांच्या शंका

'अभ्यासाचे काय?' हा पहिला प्रश्न. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगशी संबंधित उपक्रमांचा समावेश केलेला आहे. शिवाय कार्यशाळेत गणित, चित्रकला आणि भाषा ह्या तिन्हींची उजळणी होते. खेळाची गोष्ट आणि सूचना मराठीत लिहायच्या असल्याने मराठीच्या शिक्षकांनाही तेथे मानाचे स्थान आहे.

'आता कृत्रिम बुद्धिमत्ताच आज्ञावली लिहून देते, मग मुलांनी कशाला शिकायचे?' हा दुसरा प्रश्न. यंत्राने बावखलाचा खेळ क्षणार्धात बनवून दिला असता. परंतु त्यात कोण जिंकावे हा प्रश्न त्या मुलीलाच पडला. यंत्राकडून काय करून घ्यायचे आणि त्याने केलेले योग्य की अयोग्य, हे ठरवण्यासाठी त्याचे अंतरंग थोडे तरी ठाऊक असावे लागते.

'ह्यातून नोकरी मिळेल का?' हा तिसरा. चार महिन्यांत मूल लक्षाधीश होईल अशा जाहिरातींना भुलून कर्जाने महागडे वर्ग लावू नयेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. काही मुले पुढे ह्या क्षेत्रात जातील, बहुतेक जाणार नाहीत. गायनवृंदातील प्रत्येक मूल गायक होत नाही, म्हणून आपण गाणे शिकवायचे थांबवत नाही.

राहिला खर्च. स्क्रॅच जुन्यापुराण्या संगणकांवरही बहुधा चालते. आमच्या अनेक शाळांत देणगीदारांनी दिलेले संगणक आहेत. खेदाने नमूद करावे लागते, की एका शाळेत आम्ही विचारपूस केली तेव्हा संगणककक्षाची किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला सांगता येईना. गुणपत्रिका छापण्यापुरता तो कक्ष उघडला जात होता. प्रभू येशूने सांगितलेला दृष्टान्त आम्हाला त्या वेळी आठवला. धन्याच्या भीतीने, त्याने सोपवलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणारा सेवक (मत्तय २५) प्रामाणिक होता, तरी त्याची कानउघाडणी झाली. मुले यंत्रे बिघडवतील ह्या भीतीने कुलूपबंद ठेवलेला कक्ष त्याहून फार वेगळा नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. प्रत्येक धर्मग्रामात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणारे निदान दोघे-तिघे तरुण-तरुणी असतात. मुख्याध्यापकांनी त्यांना सन्मानाने बोलवावे आणि सहा शनिवार मागावेत. एक शिक्षक वा शिक्षिका त्यांच्यासोबत सतत असावी. अखेरच्या शनिवारी पालकांना बोलवावे आणि मुलांनी बनवलेले खेळ त्यांनी स्वतः खेळावेत, मुलांनी मागे उभे राहून पाहावे. त्या शाळेत अखेरच्या दिवशी बावखलाचा खेळ एका आजोबांनी खेळला. माऊस त्यांच्या हातात नीट बसत नव्हता, बाग दोनदा वाळली. तिसऱ्या खेपेला त्यांनी टँकर भरायचेच थांबवले आणि पावसाची वाट पाहत बसले. त्यांचा नातू मागे उभा होता. नियमाप्रमाणे तो काही बोलला नाही. पण त्याचा मोबाइल त्या तासाभरात एकदाही खिशाबाहेर आला नाही.